पंक्चर धरून केलेला प्लॅन

वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं. या वेळचा विषय आहे अनिश्चिततेतलं नियोजन: कृती केल्यावर नेमकं काय होईल, किंवा आत्ता आपण नेमके कुठे आहोत, याची खात्री नसताना संगणकाने पुढचं पाऊल कसं ठरवायचं?

प्रश्न: माझ्या प्रकल्पातला छोटा रोबोट एका खोलीतून दुसऱ्या खोलीत सामान नेतो. मी साधा प्लॅनर, म्हणजे कृतींचा क्रम काढून देणारा प्रोग्राम, वापरते. कृती फसली की रोबोट असेल तिथून नवा प्लॅन काढते. मार्गदर्शक म्हणतात की संभाव्यता धरायलाच हवी. हा खटाटोप खरंच गरजेचा आहे का?
— अभियांत्रिकीच्या अंतिम वर्षाची विद्यार्थिनी, सांगली

अनेकदा नसतो. हे मान्य करणं संशोधकांनाही जड गेलं होतं. आंतरराष्ट्रीय प्लॅनिंग स्पर्धेत संभाव्यतेचा विभाग २००४ मध्ये पहिल्यांदा ठेवला गेला, आणि तो जिंकला एफएफ-रिप्लॅन नावाच्या पद्धतीने. ती नेमकं तुम्ही करता तेच करते. टक्केवारी बाजूला ठेवायची, सगळं सुरळीत होईल असं धरून प्लॅन काढायचा, आणि गाडी रुळावरून उतरली की नव्याने काढायचा. मोठमोठी गणितं मांडून आलेल्यांना हा निकाल बराच झोंबला. मग २००७ मध्ये इयान लिटल आणि सिल्व्ही थिएबो यांनी उलटा प्रश्न विचारला: ही पद्धत जिथे सपशेल आपटते, ती कोडी कशी असतात?

अशा कोड्याचा एक साधा नमुना बघा. दुचाकीने जायचं आहे आणि रस्ते दोन आहेत. जवळचा रस्ता चार टप्प्यांचा. दर टप्प्यात पंक्चर होण्याची शक्यता २० टक्के, आणि वाटेत एकही पंक्चरवाला नाही. लांबचा रस्ता सात टप्प्यांचा. पंक्चरची शक्यता तेवढीच, पण हाकेच्या अंतरावर दुकानं आहेत. जवळच्या रस्त्याने पोचण्याची शक्यता ०.८ चा चौथा घात, म्हणजे ०.४१. लांबच्या रस्त्याने उशीर होईल, पण पोचाल नक्की. साधा प्लॅनर पंक्चर होतच नाही असं धरतो, म्हणून तो दर वेळी जवळचा रस्ता धरतो. तिसऱ्या टप्प्यात चाक बसल्यावर नवा प्लॅन मागितला, तर उत्तर येतं, ‘मार्ग नाही’. चूक पहिल्याच फाट्यावर झालेली असते. ती कळते तेव्हा रिप्लॅनिंगच्या हातात काहीच उरलेलं नसतं.

म्हणजे तपासायचं ते एवढंच: तुमच्या रोबोटच्या जगात अशी बंद गल्ली आहे का? प्रत्येक कृतीचे सगळे परिणाम लिहा, वाईटसुद्धा. प्रत्येक परिणाम ही जणू स्वतंत्र कृती आहे असं धरून साधा प्लॅनर प्रत्येक वाईट अवस्थेतून चालवा. एखाद्या अवस्थेतून मुक्काम सापडलाच नाही, तर ती अवस्था बंद गल्ली. एकही निघाली नाही तर खुशाल रिप्लॅनिंग करा. काही फेऱ्या जास्त पडतील, पण काम होईल. एखादी निघाली तर मात्र मार्गदर्शकांचं ऐका. मग तुम्हाला हवा तो कृतींचा क्रम नाही, धोरण हवं: ‘या अवस्थेत असलास तर हे कर’ असा पूर्ण तक्ता.

घरात-कार्यालयात फिरणाऱ्या रोबोटच्या बंद गल्ल्या ठरावीक असतात. जिना, मागे आपोआप लॉक होणारं दार, ओली फरशी. सर्वांत जास्त वेळा नडते ती बॅटरी, कारण ती अवस्थेत लिहायचीच राहून जाते. ‘रोबोट खोली क्रमांक ३ मध्ये आहे’ ही अपुरी अवस्था आहे. ‘खोली ३, बॅटरी १५ टक्के, चार्जर चार खोल्या लांब’ असं लिहिलंत की बंद गल्ली आपोआप दिसते.

प्रश्न: डिस्काउंट फॅक्टर ०.९५ ठेवायचा की ०.९९? सगळीकडे ‘कामाप्रमाणे ठरवा’ एवढंच लिहिलेलं असतं.
— सॉफ्टवेअर अभियंता, पुणे

चांगल्या कृतीला रोबोटला गुण (बक्षीस) मिळतात; एक पाऊल उशिरा मिळणाऱ्या गुणाची आजची किंमत किती पट धरायची, तो आकडा म्हणजे डिस्काउंट फॅक्टर. दोन आकड्यांत फरक ०.०४ चा दिसतो, पण रोबोटची नजर पाचपट लांब जाते. दर पावलाला १ गुण कायमचा मिळत राहिला, तर त्याची आजची किंमत ०.९५ ला २० आणि ०.९९ ला १००. हिशोबाचा वेळही त्याच प्रमाणात वाढतो. रिचर्ड बेलमन यांनी १९५७ मध्ये मांडलेल्या पद्धतीने प्रत्येक अवस्थेची किंमत फेरीगणिक सुधारत गेलात, तर सुरुवातीची चूक हजारपट कमी व्हायला ०.९५ ला १३५ फेऱ्या लागतात आणि ०.९९ ला ६८८. फार फेऱ्या होत असतील तर रोनाल्ड हॉवर्ड यांची १९६० ची पद्धत वापरून बघा. त्यात आधी एक धोरण धरतात, त्याची किंमत काढतात, मग ते सुधारतात. फेऱ्या कमी होतात, पण एकेक फेरी महाग पडते.

खरी गफलत थांबायचं कधी यात होते. ‘दोन फेऱ्यांतला सर्वांत मोठा बदल ०.०१ च्या खाली गेला, की थांबा’ असं सर्रास लिहिलेलं असतं. ०.९९ ला एवढ्यावर थांबलात, तर उत्तरात ०.९९ पर्यंत चूक शिल्लक असू शकते, म्हणजे जवळपास शंभरपट. गॅमा म्हणजे डिस्काउंट फॅक्टर धरला, तर बदलाची मर्यादा अशी काढा: हवी असलेली अचूकता गुणिले (१ वजा गॅमा), भागिले गॅमा. अचूकता ०.०१ हवी असेल तर ०.९९ ला मर्यादा ०.०००१ च्या आसपास येते.

आणखी एक खड्डा. वाटेतल्या एका खुणेवर पोचलं की १ गुण, आणि मुक्कामाला पोचलं की ४० गुण, असं बक्षीस ठेवलंय असं धरा. खुणेवरून एक पाऊल मागे आणि परत पुढे, असं केलं की दर दोन पावलांनी १ गुण पदरात पडतो. ०.९९ ला या येरझाऱ्यांची किंमत ५० होते, म्हणून रोबोट मुक्कामाला जातच नाही. ०.९५ ला तीच किंमत १० वर येते, आणि मुक्काम जवळ असेल तर तो शहाण्यासारखा तिकडे जातो. गंमत म्हणजे बरेच जण इथे गॅमा बदलून ‘बग गेला’ म्हणतात! बग बक्षिसात होता. प्रोत्साहनाचे गुण द्यायचेच असतील तर प्रत्येक अवस्थेला एक उंची द्या आणि जादा गुण ‘गॅमा गुणिले नवी उंची, वजा जुनी उंची’ या हिशोबाने द्या. अशाने सर्वोत्तम धोरण बदलत नाही, हे अँड्र्यू एंग, दाइशी हारादा आणि स्टुअर्ट रसेल यांनी १९९९ मध्ये सिद्ध केलंय.

प्रश्न: आमच्या लाइनवर कॅमेरा भाग तपासतो. एका फोटोवरून तो ८५ टक्के वेळा बरोबर सांगतो. एकाच भागाचे किती फोटो घ्यायचे, हे ठरवायची काही रीत आहे का? सध्या ‘तीनपैकी दोन’ असा नियम आहे.
— ऑटोमेशन विभागातील कर्मचारी, चाकण

तुमचा आकडा या क्षेत्रातल्या सर्वांत गाजलेल्या कोड्यातलाच आहे. लेस्ली केल्बलिंग, मायकेल लिटमन आणि अँथनी कसांड्रा यांच्या १९९८ च्या लेखामुळे ते घरोघरी पोचलं, निदान संशोधकांच्या घरी. दोन बंद दारं. एकामागे वाघ, दुसऱ्यामागे बक्षीस. कान देऊन ऐकलं तर डरकाळी कुठल्या दारामागून आली ते ८५ टक्के वेळा बरोबर कळतं. ऐकण्याचा खर्च १, बक्षिसाचं दार उघडलं तर १० मिळतात, वाघाचं उघडलं तर १०० जातात.

इथे खरी अवस्था दिसत नाही. आपल्याकडे असतो फक्त अंदाज, म्हणजे वाघ डावीकडे असण्याची टक्केवारी. जाणकार त्याला बिलीफ म्हणतात. सगळा निर्णय या एका आकड्यावर घ्यायचा. सुरुवातीला तो ५० टक्के. डोळे मिटून दार उघडलं तर सरासरी ४५ चा तोटा. एकदा डावीकडून आवाज आला की अंदाज ८५ टक्के, आणि उजवं दार उघडलं तर अजूनही ६.५ चा तोटा. दुसऱ्यांदाही डावीकडून आला तर ९७ टक्के, आता ६.७ चा फायदा. तिसऱ्यांदा आला तर ९९.४५ टक्के आणि ९.४ चा फायदा.

दोन आवाज जुळले की फायदा दिसतो, म्हणून तिथेच थांबावंसं वाटतं. पण एकदाच खेळायचा डाव धरून हिशोब केला, तर एका बाजूचे आवाज दुसरीपेक्षा दोनने जास्त झाल्यावर दार उघडणाऱ्याला डावामागे सरासरी ४ गुण मिळतात आणि तीनची आघाडी होईपर्यंत थांबणाऱ्याला ५.१६. चारपर्यंत थांबणं पुन्हा तोट्याचं, कारण जास्तीच्या खात्रीची किंमत ऐकण्याच्या खर्चाहून कमी भरते. ‘फायदा होतोय’ आणि ‘थांबायची हीच वेळ आहे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्लॅनर दुसरी शोधतो.

तुमच्या लाइनवर हे आणायचं तर चार आकडे लागतील: एका फोटोचा खर्च (मिलिसेकंदांचे रुपये करून), चांगला भाग फेकल्याचं नुकसान, सदोष भाग पुढे गेल्याचं नुकसान, आणि मुळात किती भाग सदोष असतात ते प्रमाण. शेवटचा आकडा नेहमी विसरला जातो. कोड्यात तो ५० टक्के आहे, तुमच्याकडे नसणार. समजा १०० त २ भाग सदोष आहेत आणि कॅमेरा म्हणाला ‘सदोष’. तरी तो भाग खरंच सदोष असण्याची शक्यता फक्त १०.४ टक्के आहे. म्हणून ‘तीनपैकी दोन’ हा नियम दोन्ही बाजूंना सारखा लावणं चूक. ‘चांगला’ म्हणायला कमी फोटो पुरतील, ‘सदोष’ म्हणायला जास्त लागतील.

आता सर्वांत महत्त्वाचं. वरचं सगळं गणित प्रत्येक निरीक्षण स्वतंत्र आहे असं धरून केलंय. त्याच कॅमेऱ्याने, त्याच कोनातून, त्याच दिव्याखाली काढलेले तीन फोटो म्हणजे तीन निरीक्षणं नव्हेत. तेलाच्या डागावरची चकाकी पहिल्या फोटोला फसवते तशीच तिसऱ्यालाही फसवते. अंदाज कागदावर ९९ टक्क्यांवर चढतो आणि प्रत्यक्षात ८५ च्या आसपासच राहतो. तपासायला सोपं आहे. ज्यांचं खरं उत्तर माहीत आहे असे काहीशे भाग घ्या, प्रत्येकाचे दोन फोटो काढा. पहिला फोटो चुकला त्या भागांत दुसरा किती वेळा चुकतो ते मोजा. तो आकडा १५ टक्क्यांच्या जवळ आला तर ठीक. ६०-७० टक्के आला तर गणित सोडवणाऱ्या प्रोग्रामला हात लावू नका. दुसरा दिवा लावा किंवा भाग फिरवून फोटो घ्या.

प्रश्न: विमानं एकमेकांवर आदळू नयेत म्हणून जी यंत्रणा असते, तिच्यातही हेच तंत्र येतंय असं वाचलं. दर सेकंदाला एवढं गणित हवेत कसं होतं?
— निवृत्त विज्ञान शिक्षक, नागपूर

हवेत ते होतच नाही, सगळं जमिनीवर आधीच झालेलं असतं. हरियाणात चरखी दादरीजवळ १२ नोव्हेंबर १९९६ ला दोन विमानांची टक्कर होऊन ३४९ जण गेले. त्यानंतर भारतात धडक-प्रतिबंधक यंत्रणा सक्तीची झाली. त्या काळची टीकॅस यंत्रणा माणसांनी लिहिलेल्या नियमांवर चालते. एकेक त्रुटी सापडली की नियमांत ठिगळ लावायचं, असं वर्षानुवर्षं चाललं. तिची वारसदार एकॅस-एक्स अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनासाठी एमआयटीच्या लिंकन प्रयोगशाळेत आकाराला आली. मायकेल कोकेंडर्फर यांचं काम तिच्या मुळाशी आहे. तिचं तांत्रिक मानक २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं.

तिच्या उभ्या दिशेच्या सल्ल्याचा गाभा पाच गोष्टींवर उभा आहे: दोन विमानांच्या उंचीतला फरक, आपला चढण्या-उतरण्याचा वेग, समोरच्याचा तोच वेग, आडव्या दिशेने जवळ यायला उरलेले सेकंद, आणि वैमानिकाला आधी दिलेला सल्ला. उदाहरणादाखल त्यांचे अनुक्रमे ४०, २५, २५, ४० आणि ७ कप्पे पाडले तर ७० लाख अवस्था होतात. प्रत्येकीत सात सल्ल्यांची किंमत, दर किमतीला ४ बाइट: १९६ मेगाबाइट. एवढा तक्ता विमानात सहज मावतो. हवेत फक्त आजूबाजूच्या कप्प्यांतले आकडे काढून त्यांच्यामधलं मूल्य काढायचं असतं.

तक्ता बनवण्यातली युक्ती मजेशीर आहे. उरलेले सेकंद दर पावलाला एकने कमीच होतात, मागे फिरत नाहीत. म्हणून शेकडो फेऱ्या माराव्या लागत नाहीत. शून्य सेकंदापासून सुरुवात करायची, उलटं चालत ४० पर्यंत यायचं, एका फेरीत काम फत्ते. वरच्या प्रश्नातल्या गॅमाची भानगडही इथे उरत नाही. शून्य सेकंदाला विमानं ‘धोकादायक जवळ’ असतील, तर सर्वांत मोठा दंड; आडवं अंतर ५०० फुटांच्या आत आणि उभं १०० फुटांच्या आत, ही त्याची प्रचलित व्याख्या. सल्ला देण्याला छोटा दंड, दिलेला सल्ला फिरवण्याला त्याहून मोठा. दंडांचं हे प्रमाण ठरवणं हीच खरी डोकेदुखी. सल्ल्याचा दंड फार कमी ठेवला, तर यंत्रणा ऊठसूट ओरडते आणि वैमानिकाचा तिच्यावरचा विश्वास उडतो.

यात एक खाचही आहे. मोजणीचे आकडे शंभर टक्के खरे नसतात, म्हणून यंत्रणा शक्य असलेल्या अनेक अवस्था घेते, प्रत्येकीच्या तक्त्यातल्या किमती घेते आणि शक्यतेनुसार त्यांची सरासरी काढते. ही सोय स्वस्त आहे, पण ती एक गोष्ट गृहीत धरते: पुढच्या क्षणी सगळं लख्ख दिसेल. वाघाच्या कोड्यात ती कशी फसते बघा. ‘गप्प बसणं, खर्च ०.५’ अशी जादा कृती घाला. पुढच्या क्षणी वाघ दिसणारच असं धरलं, तर गप्प बसण्याची किंमत ९.५ आणि ऐकण्याची ९. म्हणजे हा प्लॅनर आयुष्यभर गप्प बसून राहील. विमानात हे का नडत नाही? कारण निरीक्षण करायचं की नाही हा पर्यायच तिथे नाही; मोजणी दर सेकंदाला येतच राहते. माहिती मिळवायला खर्च किंवा वेळ लागत असेल तिथे ही सोय वापरू नका. चाकणच्या वाचकांनीही याची नोंद घ्यावी.

प्रश्न: पीओएमसीपी (शक्य भविष्यं संगणकात खेळून बघत पुढची कृती ठरवणारी पद्धत) वापरतो. लायडारचं (लेझर किरणांनी अंतर मोजणाऱ्या सेन्सरचं) वाचन आलं की सगळे पार्टिकल (खरी अवस्था काय असेल याचे नमुना-अंदाज) संपतात आणि प्रोग्राम थांबतो. पार्टिकल हजारावरून दहा हजार केले, तरी तेच.
— पीएचडी संशोधक, मुंबई

डेव्हिड सिल्व्हर आणि जोएल वेनेस यांच्या २०१० च्या मूळ पद्धतीत, प्रत्यक्ष आलेल्या वाचनाशी तंतोतंत जुळणारे पार्टिकल तेवढे ठेवतात आणि बाकीचे टाकून देतात. वाचन येण्याची शक्यता हजारात एक असेल, तर हजार पार्टिकलपैकी एकही न जुळण्याची शक्यता ३७ टक्के आहे, आणि ही वेळ दर पावलाला येते. मिलिमीटरमध्ये मोजणाऱ्या लायडारच्या अनेक किरणांचं एकत्र वाचन तर पुन्हा तसंच्या तसं कधीच येत नाही. दहा हजारांनी किंवा दहा लाखांनीही तिथे फरक पडणार नाही.

टाकून देण्याऐवजी वजन द्या: हे वाचन या पार्टिकलच्या अवस्थेतून येण्याची शक्यता किती, तेवढं त्याचं वजन. मग वजनानुसार पुन्हा निवड करा. दर फेरीला काही पार्टिकल थोडे हलवून मिसळा, नाहीतर सगळे एकाच जागी गोळा होतात.

पण एवढ्याने अर्धंच काम होतं. शोधाच्या झाडातही, म्हणजे पुढच्या कृती आणि वाचनं फांद्यांसारखी मांडलेल्या शक्यतांतही, हाच रोग असतो. प्रत्येक वाचनाला नवी फांदी फुटते, कुठल्याच फांदीवर दुसऱ्यांदा जाणं होत नाही, आणि झाड एका पातळीपलीकडे वाढत नाही. बाहेरून सगळं ठीक दिसतं, म्हणून झाडाची सरासरी खोली छापून बघा. ती १ च्या आसपास असेल तर फांद्यांच्या संख्येवर मर्यादा घाला आणि ती भेटींनुसार हळूहळू वाढवा. झॅकरी सनबर्ग आणि कोकेंडर्फर यांची २०१८ ची पीओएमसीपीओडब्ल्यू पद्धत हेच करते, वजनांसह.

जाता जाता, शोधातला सी हा स्थिरांक (नव्या वाटा किती धुंडाळायच्या ते ठरवणारा आकडा) १ वर ठेवलेला नाही ना, ते बघा. तुमचे गुण उणे १०० ते अधिक १० या टप्प्यात असतील, तर १ म्हणजे नव्या वाटा जवळपास बंदच. कमाल आणि किमान परताव्यातला फरक, इथे ११०, ही चांगली सुरुवात.

प्रश्न: एखाद्या चॅटबॉटलाच ‘प्लॅन लिहून दे’ म्हटलं तर?
— वाचक, ठाणे

तो एक सरळ क्रम लिहून देईल, म्हणजे पहिल्या उत्तरातला पंक्चर न धरणारा रस्ता. ‘आणि टायर बसलं तर?’ असं विचारलं तर तेही लिहील, पण किती टक्क्यांना कुठली वाट सोडायची हा हिशोब त्या मजकुरात झालेला नसतो. त्याच्याकडून अवस्था, कृती आणि त्यांचे परिणाम यांचा कच्चा मसुदा पीपीडीडीएल किंवा आरडीडीएल या प्लॅनरला समजणाऱ्या भाषांत लिहून घेणं जास्त कामाचं. मसुद्यातली प्रत्येक टक्केवारी स्वतः मोजलेल्या आकड्याने बदला, मगच फाइल प्लॅनरला द्या.